पहिले भारतीय लॅटिन बिशप : दिवाडीचे मातेउस द कास्त्रो

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात विद्वान, दानशूर व उद्योगी पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. त्याच पानांवर सतराव्या शतकातील एका कॅथलिक बिशपाचे चरित्र पाहून काही वाचकांस नवल वाटेल, आणि एखाद्या वडीलधाऱ्या वाचकास ते कदाचित रुचणारही नाही. तथापि हे चरित्र आम्ही बुद्ध्याच निवडले आहे. ज्या पुरुषाविषयी आम्ही लिहीत आहोत तो गोव्याच्या मातीतला, जन्माने ब्राह्मण कुळातला आणि धर्माने ख्रिस्ती होता. जन्मामुळे त्याच्यावर अन्याय झाला आणि त्या अन्यायाविरुद्ध तो आयुष्यभर झगडला. मात्र जन्माचाच अभिमान त्यालाही शेवटपर्यंत सोडवला नाही. ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपणांसारख्यांनी या चरित्राकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.

देव आणि माणसे

मांडवी नदीत, जुन्या गोव्याच्या समोर, दिवाडी नावाचे बेट आहे. या बेटावर कदंब राजांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर यांचे देवालय होते. इ. स. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पुढे तीस वर्षांनी, म्हणजे १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले. सप्तकोटेश्वराचे देवालयही त्यातून वाचले नाही. भाविकांनी देवाला नदीपलीकडे, डिचोली महालातील नार्वे येथे नेले. डिचोली त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होती. नार्वे येथील त्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६६८ साली करविला, हे आपणांस ठाऊक आहेच.

त्या काळात अनेक घराणी दुभंगली. एक भाऊ देव घेऊन नदी उतरला. दुसरा शेतीवाडी, घरदार व म्हाताऱ्या आईबापांपायी मागे राहिला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. आपल्यापैकी पुष्कळांची कुलदैवते आजही गोव्यात आहेत आणि ती मूळ गावाहून हलविलेली आहेत. मागे राहिलेल्यांची नावे पोर्तुगीज झाली, देवघराच्या जागी क्रूस आला. परंतु सोयरीक जुळविताना जात पाहिली जाई ती मात्र तशीच राहिली. ख्रिस्ती ब्राह्मण, ख्रिस्ती चारडे व ख्रिस्ती शूद्र असे भेद नव्या धर्मातही टिकून राहिले. धर्म बदलला तरी जात बदलली नाही, ही गोष्ट पुढील सर्व कथेच्या मुळाशी आहे.

अशाच एका बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबात, दिवाडी बेटावरील नावेली या गावी, इ. स. १५९४ च्या सुमारास मातेउस यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव महाले असे सांगतात. द कास्त्रो हे बाप्तिस्म्याबरोबर आलेले नाव होय.

बंद दरवाजा

मातेउस यांचे शिक्षण मांडवीपलीकडे बारदेशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पंथाच्या विद्यालयात झाले. मुलगा बुद्धीने तल्लख होता आणि आपण पाद्री व्हावे अशी त्याची उत्कट इच्छा होती. वास्तविक अशा मुलाचे स्वागत व्हावयास हवे होते. ख्रिस्ती धर्म या देशात रुजावा असे ज्यांना वाटत होते त्यांना याच देशातला, याच लोकांची भाषा बोलणारा, लोकांच्या रीतिभाती जाणणारा धर्मगुरू मिळत होता. पण घडले ते निराळेच.

त्या काळच्या गोव्यात ख्रिस्ती धर्मसंस्थेची रचना कशी होती हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पोर्तुगालच्या राजाला पोपांकडून पाद्रोआदो नावाचा हक्क मिळाला होता. पाद्रोआदो म्हणजे धर्मसंस्थेचे पालकत्व. पूर्वेकडील देशांत चर्च बांधणे, त्यांचा खर्च चालविणे ही जबाबदारी राजाची. आणि त्याच्या मोबदल्यात बिशप कोण व्हावा हे सुचविण्याचा अधिकारही राजाचाच. गोव्यास इ. स. १५३४ साली बिशपाचे पीठ झाले आणि पुढे १५५७ च्या सुमारास ते आर्चबिशपाचे पीठ बनले. पूर्व आफ्रिकेपासून चीनपर्यंतचा कारभार त्याच्या छत्राखाली आला. धर्माचा कारभार व राज्याचा कारभार यांत भेद असा उरला नाही.

प्रत्यक्ष गावोगावच्या चर्चांवर निरनिराळ्या युरोपीय पंथांची पकड होती. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे होता, साष्टी जेझुइटांकडे होती. या पंथांत देशी माणसाला प्रवेश नव्हता. फार झाले तर त्याला पंथाबाहेरचा साधा पाद्री म्हणून दीक्षा मिळे आणि तो एखाद्या युरोपीय पाद्रीचा मदतनीस म्हणून राही. येथे न्यायासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. युरोपीय पाद्रींतही लोकभाषेचे अभ्यासक होते. साष्टीत राहून इ. स. १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांतले अग्रणी. पण सर्वच स्टीफन्स नव्हते. दुभाष्यावाचून लोकांशी बोलता येत नाही असेही पाद्री गावांवर नेमलेले असत, आणि लोकांची भाषा जन्मतः जाणणारा देशी पाद्री त्यांच्या हाताखाली असे.

गोव्याचे तत्कालीन आर्चबिशप क्रिस्तोवाँव द सा ई लिश्बोआ यांनी तरुण मातेउस यांस दीक्षा देण्याचे नाकारले. देशी तरुणांना वेदीपाशी उभे करावे हेच त्यांस मान्य नव्हते. विद्या होती, शील होते, श्रद्धा होती. फक्त जन्म चुकीच्या ठिकाणी झाला होता.

रोमची वाट

सामान्य तरुण येथे थांबला असता. वडिलोपार्जित जमीन कसून त्याने आयुष्य काढले असते. मातेउस यांनी गोव्याच्या आर्चबिशपांच्याही वर जो कोणी आहे त्याच्याकडे, म्हणजे साक्षात पोपांकडे, दाद मागण्याचे ठरविले. गोव्याहून युरोपला जाणारी जहाजे पोर्तुगीजांची, तेव्हा त्यांनी खुष्कीचा मार्ग धरला. काफिल्यांबरोबर वाळवंटे ओलांडीत, अनोळखी भाषांच्या मुलुखांतून वाट काढीत इ. स. १६२५ साली ते रोमला पोहोचले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते.

त्यांचे नशीब असे की, ते योग्य वेळी पोहोचले. तीनच वर्षांपूर्वी, १६२२ साली, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी प्रोपागांडा फिदे या नावाचे धर्मप्रसार मंडळ स्थापन केले होते. परदेशांतील धर्मकार्य स्पेन व पोर्तुगाल यांच्या राजांवर सोपवून रोमने आपले हात बांधून घेतले आहेत, हे पोपांच्या ध्यानात आले होते. या मंडळाचे पहिले चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हे मोठे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. ज्या देशात धर्म रुजवायचा त्या देशातील माणसेच पाद्री व बिशप झाली पाहिजेत, असे त्यांचे ठाम मत होते. जगाच्या कानाकोपऱ्यांतून येणारी पत्रे व तक्रारी वाचून ते या मताला आले होते. त्यांच्यापुढे आता गोव्याचा हा ब्राह्मण तरुण उभा राहिला. इंगोलींना जे सिद्ध करावयाचे होते त्याचा हा चालताबोलता पुरावाच होता.

रोममध्ये मातेउस यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १६३० च्या सुमारास त्यांस पाद्रीची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास प्रोपागांडाने, लायक देशी तरुणांना, विशेषतः ब्राह्मणांना, दीक्षा देण्यात यावी असे धोरणही जाहीर केले. विशेषतः ब्राह्मणांना हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. मातेउस यांच्या सांगण्याचा तो परिणाम असो वा नसो, पण त्यांच्या मागणीची हद्द तेथेच आखली गेली होती.

अधिकारपत्रे घेऊन फादर मातेउस गोव्यास परतले. बेटावरचा मुलगा रोमहून शिकून आला म्हणून गोव्यात आनंद व्हावयास हवा होता. पण ही कागदपत्रे खोट्या सबबी सांगून मिळविली आहेत असा आक्षेप घेण्यात आला आणि त्यांस काम करू देण्यात आले नाही. पाद्रोआदोच्या मुलुखात राजाच्या संमतीवाचून रोमचा शिक्का चालत नाही, असा अधिकाऱ्यांचा पवित्रा होता. फादर मातेउस पुन्हा रोमच्या वाटेला लागले.

नदीपलीकडचा बिशप

या वेळी रोमने अधिक मोठे पाऊल टाकले. इ. स. १६३७ साली मातेउस द कास्त्रो यांस क्रिसोपोलिसचे बिशप म्हणून अभिषेक करण्यात आला. क्रिसोपोलिस हे प्राचीन पण प्रत्यक्षात लोप पावलेले पीठ होते. असे नाममात्र पीठ देऊन बिशप करण्याची रोमची जुनी युक्ती होती. खरी नेमणूक होती ती इदाल्काँव, म्हणजे आदिलशहाच्या, राज्यात व्हिकार अपोस्टोलिक म्हणून. व्हिकार अपोस्टोलिक म्हणजे राजाच्या नव्हे तर थेट पोपांच्या वतीने काम करणारा धर्माधिकारी. ही भारतातील अशी पहिलीच नेमणूक होय. केरळातील सिरियन परंपरेचा इतिहास वेगळा आहे. तेथील परांबिल चांडी हे पुढे १६६३ साली बिशप झाले. परंतु लॅटिन पद्धतीच्या चर्चमध्ये बिशपपद मिळविणारे पहिले भारतीय म्हणून मान जातो तो मातेउस द कास्त्रो यांच्याकडेच. चीनमधील पहिले देशी बिशप १६८५ साली झाले, हे पाहता या घटनेचे मोल कळून येईल.

नेमणुकीत मोठी मुत्सद्देगिरी होती. आदिलशाही मुलुख पोर्तुगालच्या राज्याचा भाग नव्हता; तेव्हा तेथे पाद्रोआदो कसा लागू होईल, असा रोमचा प्रश्न होता. गोव्याचे उत्तर असे की, पूर्वेकडील सर्व मुलुख पाद्रोआदोतच आहे, मग तेथे राज्य कोणाचेही असो.

बिशप मातेउस डिचोलीस राहिले. ज्या नदीपलीकडे त्यांच्या बेटाचा देव गेला होता, त्याच नदीपलीकडे, त्याच महालात, आता त्या बेटाचा बिशप आला. देवाला तेथे आश्रय मिळाला तो आदिलशहाच्या मुलुखात; बिशपालाही तेथेच मिळाला. पोर्तुगीज तोफांचा पल्ला संपतो तेथून दोघांचे स्वातंत्र्य सुरू झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या वेळी विजापूरच्या गादीवर मुहम्मद आदिलशहा होता आणि पुण्याच्या जहागिरीत बाल शिवाजी वाढत होते.

डिचोलीस चर्च उभे राहिले. कोकणातील बांदे व वेंगुर्ले येथेही त्यांनी काम केले. आणि ज्या गोष्टीसाठी त्यांनी अर्धे आयुष्य वेचले होते ती गोष्ट त्यांनी तत्काळ सुरू केली. गोव्यात ज्यांना दीक्षा नाकारली जात होती असे ब्राह्मण तरुण नदी ओलांडून डिचोलीस येऊ लागले आणि बिशप मातेउस त्यांस पाद्रीची दीक्षा देऊ लागले.

गोव्यात एकच खळबळ उडाली. त्या वेळचे आर्चबिशप फ्रान्सिस्कु दुश मार्तिरिश यांनी या बिशपाचा अधिकार मानला नाही आणि त्याने दीक्षा दिलेल्या पाद्रींनाही मान्यता दिली नाही. हबसाणातून हाकलले गेल्यावर गोव्यात येऊन राहिलेले जेझुइट पेट्रियार्क आफोन्सु मेन्दिश यांनी तर बिशप मातेउस यांच्या वर्णाचा व अंगावरच्या वस्त्राचा असा काही हीन उल्लेख केला, की तो येथे देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. विद्वान, वयोवृद्ध आणि धर्मासाठी हालअपेष्टा सोसलेल्या पुरुषाच्या लेखणीतूनही असे शब्द बाहेर पडावेत, यावरून त्या काळची हवा ओळखावी.

हबसाण आणि परत

गाऱ्हाणे घेऊन बिशप मातेउस पुन्हा रोमला गेले. त्या काळचा समुद्र, चाचे, रोगराई व वाळवंट यांचा विचार केला म्हणजे या माणसाच्या चिकाटीपुढे मान लवते. रोमने त्यांच्याकडे आणखी एक कामगिरी सोपविली, ती हबसाणाची. तेथील सम्राट फासिलदस याने जेझुइटांना देशाबाहेर काढले होते. युरोपीय पाद्रीला जेथे प्रवेश नाही तेथे कदाचित सावळ्या वर्णाच्या बिशपाला मिळेल, अशी रोमची अटकळ असावी. पेट्रियार्क मेन्दिश यांच्या जखमेवर हे मीठच होते. बिशप मातेउस तांबड्या समुद्रापर्यंत गेले, परंतु हबसाणात शिरकाव होऊ शकला नाही. ही मोहीम निष्फळ झाली आणि ते पुन्हा कोकणात परतले.

तोवर राजकारण पालटले होते. इ. स. १६४० साली पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून मुक्त झाले, पण स्पेनच्या दडपणामुळे पोपांनी नव्या पोर्तुगीज राजाला मान्यता दिली नाही आणि त्याने सुचविलेले बिशप नेमले नाहीत. ही कोंडी १६६८ पर्यंत चालली. परिणाम असा झाला की, आर्चबिशप मार्तिरिश १६५२ साली वारल्यावर वीसएक वर्षे गोव्याची गादी आर्चबिशपावाचून राहिली. नदीच्या अलीकडे आर्चबिशप नाही, आणि पलीकडे पोपांनी नेमलेला बिशप आहे पण त्याला आत येण्यास मज्जाव आहे, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली.

दुसरीकडे डचांशी युद्ध पेटले होते. डचांची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्यास होती, म्हणजे बिशपांच्या कार्यक्षेत्रातच. लंकेत पोर्तुगीजांची पिछेहाट चालली होती. आणि खुद्द गोव्यात १६५३ साली पोर्तुगीजांनीच आपल्या व्हाइसरॉयविरुद्ध उठाव करून त्यास पदच्युत केले.

आरसा आणि तलवार

याच १६५३ साली बिशप मातेउस यांनी गोव्यातील ब्राह्मणांस उद्देशून एक पत्ररूप ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ब्राह्मणांचा आरसा असे होते. पोर्तुगीज अधिकारी व पंथीय पाद्री यांनी देशी लोकांवर केलेल्या अन्यायाचा पाढा त्यांनी त्यात वाचला. आपल्या कुळाची थोरवी व आपली विद्या ध्यानात घ्या आणि हा अन्याय निमूटपणे सोसू नका, असा त्याचा आशय होता. ब्राह्मणांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठावे, इतक्या टोकाला ही लेखणी गेली होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. विजापूर दरबार व डच या दोघांनाही त्यांनी गोव्याविरुद्ध चिथावले, असा त्यांच्यावर आरोप आहे. आणि इतिहासकारांनी तो बहुतांशी खरा मानला आहे. इ. स. १६५४ साली विजापूरच्या फौजा गोव्याच्या हद्दीत घुसल्या. पोर्तुगीजांनी त्यांस परतवून लावले. ज्या उठावाची बिशपांना आशा होती तो झाला नाही. फौजेच्या वाटेत आलेल्या गावांतून हाल झाले ते बिशपांच्याच जातभाईंचे व धर्मबांधवांचे.

या कृत्याविषयी काय म्हणावे? पोर्तुगीज लेखकांनी त्यांस देशद्रोही ठरविले आहे. पण द्रोह होण्यास आधी देश आपला असावा लागतो. ज्या राज्याने त्यांस आपल्या गावी, आपल्याच लोकांपुढे उपासना चालवू दिली नाही, त्या राज्याशी त्यांनी इमान राखावे ही अपेक्षा आम्हांस अवास्तव वाटते. उलट, काही अलीकडच्या लेखकांनी त्यांस गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचा आद्य प्रवर्तक म्हटले आहे. तेही आम्हांस पूर्णपणे पटत नाही. त्यांना राज्य उलथायचे होते ते जनतेच्या हाती सत्ता यावी म्हणून नव्हे. धर्मपीठावर आपल्या लायकीप्रमाणे आपणांस व आपल्या ज्ञातीस स्थान मिळावे, ही त्यांची तळमळ होती. अन्यायाने पोळलेला माणूस सूड कोठे संपतो आणि न्याय कोठे सुरू होतो हे नेहमीच ओळखू शकत नाही. बिशप मातेउस यांनाही ते ओळखता आले नाही, असे आमचे मत आहे.

अखेरची वर्षे

रोममधील त्यांचे पाठीराखेही आता थकले होते. त्यांचे मोठे आश्रयदाते इंगोली १६४९ सालीच निवर्तले होते. बिशपांचा स्वभाव तापट व हट्टी. तडजोड ठाऊक नाही. आणि वेंगुर्ल्याच्या डचांशी, म्हणजे प्रॉटेस्टंटांशी, संधान बांधणारा कॅथलिक बिशप पाठीशी घालणे रोमलाही अवघड होते. इ. स. १६५८ साली त्यांस परत बोलावण्यात आले. यापुढील सुमारे एकोणीस वर्षे त्यांनी रोममध्येच काढली आणि १६७७ साली, ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांचे देहावसान झाले. ज्या मांडवीच्या काठी ते जन्मले तिचे दर्शन त्यांस पुन्हा झाले नाही.

त्यांचे कार्य मात्र वाया गेले नाही. ते रोमला परतल्यावर पुढच्याच वर्षी, १६५९ साली, प्रोपागांडाने पूर्व आशियात जाणाऱ्या आपल्या व्हिकार अपोस्टोलिकांना ज्या सूचना दिल्या त्या प्रसिद्ध आहेत. लोकांच्या चालीरीती बदलू पाहू नका, युरोप त्यांच्या देशात नेऊ नका, आणि देशी पाद्री तयार करा, असा त्यांचा मथितार्थ. या धोरणामागे इंगोलींचे विचार होते, आणि त्या विचारांना डिचोलीच्या अनुभवाचीही जोड होती असे म्हणण्यास हरकत नाही. विजापुराकडे त्यांच्यानंतर कुस्तोदिउ द पिन्यु हे गोमंतकीय ब्राह्मणच व्हिकार अपोस्टोलिक झाले. आणि मातेउस यांचे पुतणे तोमास द कास्त्रो हे कानडा प्रांतात बिशप म्हणून गेले.

मुंबईचाही या परंपरेशी संबंध आहे. आदिलशाहीतील या व्यवस्थेच्या पाठोपाठ मोगल मुलुखासाठी व्हिकार अपोस्टोलिक नेमले जाऊ लागले, आणि १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्रींना मुंबई बेटाबाहेर काढून तेथील चर्चांचा कारभार या व्हिकार अपोस्टोलिकांकडे सोपविला. पुढे दोनशे वर्षे मुंबईच्या ख्रिस्ती वाड्यांतून पाद्रोआदो व प्रोपागांडा यांचा तंटा धुमसत राहिला. मुंबईवरील दुहेरी अंमल संपला तो १९२८ साली. डिचोलीच्या बिशपाने नदीकाठी उपस्थित केलेला प्रश्न असा अडीचशेहून अधिक वर्षे जागता राहिला.

दिवाडीतही ती ठिणगी विझली नाही. इ. स. १७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड म्हणून प्रसिद्ध असलेला कट उघडकीस आला. त्याच्या सूत्रधारांपैकी एक, पाद्री जुझे आंतोनियु गोन्साल्विश, हे दिवाडीचेच. देशी म्हणून आपणांस बिशपपद नाकारले गेले, हीच त्यांचीही तक्रार होती. त्या कटात पंधरा जणांस देहान्ताची शिक्षा झाली. पुढे स्वतंत्र भारतात १९५० साली मुंबईच्या आर्चबिशपपदी व्हॅलेरियन ग्रेशस हे गोमंतकीय वंशाचे पहिले भारतीय आले व १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. खुद्द गोव्याच्या गादीवर गोमंतकीय आर्चबिशप, राऊल गोन्साल्विस, बसले ते १९७८ साली. मातेउस यांच्या अभिषेकाला तेव्हा तीनशे एक्केचाळीस वर्षे झाली होती.

अर्धा न्याय

आता ज्या कारणासाठी आम्ही हे चरित्र निवडले ते सांगून लेख पुरा करू.

बिशप मातेउस यांची तक्रार अगदी खरी होती. माणसाची योग्यता त्याच्या वर्णावरून व जन्मस्थानावरून ठरवू नये, हे त्यांचे म्हणणे आज कोणीही मान्य करील. परंतु हेच म्हणणे त्यांनी स्वतःच्या घरात लागू केले नाही. गोव्यात ब्राह्मण ख्रिस्ती होते तसे चारडे ख्रिस्ती होते, शेतात राबणारे शूद्र ख्रिस्ती होते. त्यांच्याही मुलांत बुद्धी होती, श्रद्धा होती. बिशपांनी आरसा दाखविला तो फक्त ब्राह्मणांना. दीक्षेचा दरवाजा त्यांनी उघडला तोही मुख्यतः त्यांच्यासाठीच. पोर्तुगीज म्हणत की, तू गोरा नाहीस म्हणून बाहेर राहा. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला बिशपांकडूनही तशाच अर्थाचे उत्तर मिळत होते.

याचे फळ पुढील पिढ्यांनी भोगले. इ. स. १६८५ मध्ये जुन्या गोव्यात देशी पाद्रींचा पहिला संघ उभा राहिला. संत जुझे वाझ हे त्या संघाचे भूषण. लंकेत जीव धोक्यात घालून त्यांनी केलेल्या सेवेपुढे सर्व धर्मांच्या लोकांनी हात जोडावेत, आणि २०१५ साली पोपांनी त्यांस संतपद दिले ते सर्वथा उचित झाले. पण तो संघसुद्धा ब्राह्मणांपुरताच राहिला. मग अठराव्या शतकाच्या आरंभी गोव्यातील ब्राह्मण व चारडे पाद्री, आमचे कूळ मोठे की तुमचे, यावर एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहू लागले. ज्यांना एकत्र येऊन एका अन्यायाविरुद्ध उभे राहावयाचे होते ते आपसातील पायऱ्या मोजण्यात गुंतले, आणि वरची पायरी अडवून बसलेल्यांना स्वस्थता लाभली. १६५४ साली गोव्यात उठाव का झाला नाही, याची अनेक कारणे सांगता येतील. आम्हांस एक कारण स्पष्ट दिसते. मूठभरांसाठी मागितलेल्या न्यायासाठी सारा गाव घराबाहेर पडत नाही.

आम्ही चाळीस वर्षे शाळेत शिकविले. वर्गात प्रत्येक जातीची मुले बसत, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव झाकून क्रमांक लिहिण्याची पद्धत का सुरू झाली असावी, हे त्या वर्षांत आम्हांस पुरते उमजले. आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाला जेवणाखाण्याची व राहण्याची सोय मिळत नसे. वडीलधाऱ्यांनी पैपैसा गोळा करून शिष्यवृत्त्या ठेविल्या, वसतिगृहाची कल्पना मांडली. ते कार्य पुण्याचे होते आणि त्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण ज्या विद्यार्थ्याला आज खोली मिळत नाही, ज्याच्या शुल्काची सोय नाही, तो आपल्या ज्ञातीचाच असेल असे नाही. निधीच्या नियमांचा विचार जेव्हा जेव्हा सर्वसाधारण सभेपुढे येईल, तेव्हा सभासदांनी डिचोलीच्या या बिशपाची आठवण ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

बिशप मातेउस द कास्त्रो हे मोठे पुरुष होते. विद्या, धैर्य व चिकाटी या तिन्ही गुणांत त्यांची बरोबरी करणारे त्यांच्या काळी थोडेच होते. त्यांचे गुण आपण घ्यावेत, मुलांना त्यांची कथा सांगावी, आणि जमल्यास दिवाडीस जाऊन ती माती कपाळाला लावावी. तेथून तर उतरून नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचेही दर्शन घ्यावे. नदीच्या दोन्ही तीरांवरचे लोक एकाच घरचे आहेत. दरवाजा आपल्यासाठी उघडला की तो मागच्या माणसासाठीही उघडा ठेवावा, एवढे जर या चरित्रावरून आपल्या तरुणांच्या मनावर ठसले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.